तीनशे बारा मिलिग्रॅम

नळी भट्टीत जाण्याआधी तोलायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा तोलायची, हा थोरलीचा हट्ट होता. भट्टीघरातले लोक त्याला हसत. तोंड वितळवून बंद केलेली काचेची नळी, आत हवासुद्धा नाही. तिच्यातून जाणार काय आणि तिच्यात येणार काय? थोरली ऐकून घ्यायची आणि तोलायचं ते तोलायचीच. एकोणीस वर्षांत तिने हजारावर नळ्या तोलल्या असतील, आणि आधीच्या नि नंतरच्या आकड्यात कधी केसभर फरक पडला नाही. म्हणून पहिल्यांदा पडला तेव्हा तिने सरळ काट्याला दोष दिला.

संस्थेच्या तळघरात हे भट्टीघर होतं. एका भिंतीला सहा आडव्या भट्ट्या, समोरच्या भिंतीला काचकामाचं टेबल, त्यावर जळती ज्योत धरायची टॉर्च, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत तो काटा. खिडक्या छताला टेकलेल्या, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. इथे स्फटिक वाढवत. काळे, चपटे, आरशासारखे चकचकीत. ते अतिथंडीत नेले की त्यांच्यातून वीज अशी वाहायची, की वाटेत अडवणारं कुणी नाहीच. असं का होतं ते मोठमोठ्यांनाही अजून नीट उमगलेलं नव्हतं आणि थोरलीला त्याचं सोयरसुतकही नव्हतं. विचार करणारे वरच्या मजल्यावर बसत. ती वाढवणारी होती.

वाढवायची रीत तशी सोपी. नळीच्या एका टोकाला पूड ठेवायची, चिमूटभर आयोडीन टाकायचं, हवा ओढून घ्यायची आणि नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. मग भट्टीत पुडीचं टोक जास्त गरम ठेवायचं, दुसरं शंभर अंशांनी कमी. आयोडीनची जांभळी वाफ होते. ती गरम टोकाकडून कण उचलते, थंड टोकाला नेऊन ठेवते आणि रिकाम्या हाताने परत येते. पंधरा दिवस ही ने-आण चालते. पंधरा दिवसांनी पूड आटलेली असते आणि थंड टोकाला स्फटिक धरलेला असतो. आयोडीन मात्र जेवढ्यास तेवढं. भट्टीघरात त्याला 'हमाल' म्हणत. एकाची झीज, दुसऱ्याची भर, आणि हमाल दोन्हीकडून कोरडा, असा तिथला जुना विनोद होता.

नळीचं तोंड बंद करणं हे खरं हाताचं काम, आणि त्यात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचे वडील याच संस्थेचे काचकारागीर. सात वर्षांची असताना ती त्यांच्या टेबलाशी घुटमळत होती, आणि निळी ज्योत इतकी सुंदर दिसली की तिने हात पुढे केला. डाव्या मनगटावर शेंगदाण्याएवढा डाग राहिला तो कायमचा. वडिलांनी हात नळाखाली धरला. तिचं रडं थांबल्यावर म्हणाले, "ज्योत बघायची नसते, ऐकायची असते." तापलेल्या काचेच्या भिंती एकमेकींना चिकटतात तेव्हा ज्योतीचा आवाज बदलतो, तो कळला की हात मागे घ्यायचा. पुढे त्यांनी तिला सगळं शिकवलं. धाकटीला नाही. धाकटी तेव्हा पाळण्यात होती, आणि ती मोठी होईपर्यंत वडील राहिले नव्हते. थोरलीच्या आयुष्यात धाकटीच्या वाट्याला न आलेली अशी ही एकच गोष्ट, आणि थोरली ती जिवापाड जपून होती.

बाकी सगळं धाकटीलाच मिळालेलं. रंग, उंची, गळा, परदेशातली पदवी. गेल्या वर्षी ती परत आली आणि याच संस्थेत, याच तळघरात रुजू झाली. तीन नंबरची भट्टी थोरलीची, चार नंबरची धाकटीची. लोक एकीला मोठ्या मॅडम म्हणत, दुसरीला छोट्या मॅडम, आणि काही विचारायचं झालं की छोट्या मॅडमकडे जात. थोरली स्वतःला समजावायची, की आपलीच बहीण आहे, कौतुक वाटायला हवं. वाटत नव्हतं. पोटात दुखायचं, सरळ सांगायचं तर जळायचं.

त्यातून सर अडीच महिन्यांनी निवृत्त होणार होते. सर म्हणजे भट्टीघराचे प्रमुख, मोजकं बोलणारे. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "वरच्यांना आठ मिलिमीटर रुंदीचा, एकसंध स्फटिक हवाय. आजवर पाचाच्या पुढे कुणी गेलेलं नाही. जिच्या नळीत येईल तिच्या हाती मी किल्ल्या देईन. बहिणी आहात, भांडू नका म्हणजे झालं."

धाकटी हसली. "ताईच जिंकणार, सर. मला तर अजून नळीपण बंद करता येत नाही. तीच करून देते मला."

थोरलीही हसली. त्या दिवशी तिने दोन्ही नळ्या बंद केल्या, तोलल्या आणि शेजारशेजारच्या भट्ट्यांत ठेवल्या.

पंधरा दिवसांनी तिची नळी तीनशे बारा मिलिग्रॅमने हलकी भरली.

तिने काटा पुसला, प्रमाण वजनं ठेवून पाहिली. काटा चोख होता. नळीला कुठे चीर नव्हती. चीर असती तर आयोडीनने भट्टी जांभळी केली असती. आत थंड टोकाला स्फटिक धरला होता, पण चार मिलिमीटरचा, मरतुकडा. मग कुठलंही कारण मनात न ठेवता, निदान तिने स्वतःला तरी तसंच सांगितलं, तिने धाकटीची नळी काट्यावर ठेवली. ती तीनशे बारा मिलिग्रॅमने जड होती, आणि तिच्यातला स्फटिक सहाचा होता.

"काय गं, एवढी टक लावून काय बघतेस?" धाकटीने मागून विचारलं.

"काही नाही. छान आलाय."

"तुझ्याच हातची नळी ना!"

थोरलीने वहीत स्वतःचा आधीचा आकडा खोडून नंतरचा लिहिला. एकोणीस वर्षांत तिने पहिल्यांदा आकडा खोडला. तोलतानाच आपण चुकलो असणार, असं तिने ठरवलं.

त्याच संध्याकाळी आई तिच्याकडे आली. आई पंधरा दिवस एकीकडे, पंधरा दिवस दुसरीकडे राहायची. तिची एक जुनी कापडी पिशवी होती, तीच घेऊन ती शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसने एकटी जायची. कुणी आणायला-सोडायला आलेलं तिला खपायचं नाही. येताना पिशवी फुलासारखी असायची. जाताना मात्र थोरलीला ती दारापर्यंत नेतानाही खांदा बदलावा लागायचा. "माझ्याकडून काय दगड भरून नेतेस का गं?" असं ती थट्टेने म्हणायची. आई म्हणायची, "माझे दोन जोड कपडे आणि चष्मा. तुलाच म्हातारपण आलंय."

जेवताना आईने नेहमीची गोष्ट काढली. वडिलांची आठवण निघाली की ती हीच सांगायची. "नळाखाली हात धरला होता यांनी. एवढीशी पोर, हुंदके देत होती. मग हे म्हणाले, ज्योत बघायची नसते, ऐकायची असते." आई भात कालवता कालवता थांबली. "धाकटी तशी पहिल्यापासूनच धीट."

"धाकटी नाही आई. मी होते ती."

आईने तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, नुसती कीव होती. "तू कुठे होतीस तेव्हा? तू शाळेत होतीस."

म्हातारं माणूस, घालतं गोंधळ. थोरलीने वाद घातला नाही. पण अंथरुणावर पडल्यावर तिने दिवा लावून डावं मनगट पाहिलं. डाग फिकट झाला होता. वय झालं की होतात, असं म्हणून तिने दिवा मालवला.

पुढच्या खेपेची पूड तयार व्हायला दर वेळी पंधरा दिवस जात. दुसऱ्या खेपेला नळ्या भरायच्या होत्या त्या दिवशी आई सकाळीच जड पिशवी घेऊन धाकटीकडे गेली. थोरली भट्टीघरात पोचली तेव्हा टॉर्च पेटलेली होती. धाकटी टेबलाशी बसून आपली नळी आपणच बंद करत होती. मान जराशी वाकडी, डोळे अर्धे मिटलेले. ती ज्योतीकडे बघतच नव्हती. आवाज बदलला आणि तिने हात अलगद मागे घेतला. वडील घ्यायचे अगदी तसा.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"म्हणजे काय? बाबांनी." धाकटी हसली, मग तिचं हसू जरा अडखळलं. "असं काय विचारतेस, ताई?"

बाही सरकली होती. तिच्या डाव्या मनगटावर शेंगदाण्याएवढा डाग होता, जुना, गुळगुळीत.

थोरलीने आपली नळी बंद करायला घेतली. तीन वेळा काच वाकडी झाली. ज्योतीचा आवाज येत होता, पण तो नुसता आवाज होता. त्यात काही कळत नव्हतं. चौथ्या वेळी धाकटीने नळी तिच्या हातातून घेतली आणि बंद करून दिली. भट्टीघरातले दोघे-तिघे बघत होते. एकजण म्हणाला, "राहू द्या मोठ्या मॅडम, छोट्या मॅडमचा हातच तसा आहे. वडिलांचा वारसा." थोरलीने नळी तोलली आणि भट्टीत ठेवली.

दहाव्या दिवसापर्यंत तिची खात्री पटली होती. कशाची ते तिने कुणाला सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर लोकांनी तिला घरी बसवलं असतं. ती कारणं शोधणारी बाई नव्हती. तिला दिशा तेवढी कळायची. माल कुठून कुठे चाललाय हे एकोणीस वर्षं तिने पाहिलं होतं. ती गरम टोकाला होती. जळणारं टोक तेच असतं.

आणि यावर उपाय काय, तेही तिला माहीत होतं.

भट्टीघरात एक रीत आहे. नवी नळी ठेवली की पहिला एक दिवस तिची टोकं उलटी ठेवतात: जिथे स्फटिक धरायचा तेच टोक गरम, म्हणजे तिथे चिकटलेली बारीकसारीक कणी उडून मागे जाते आणि जागा स्वच्छ होते. याला ते 'उलटी धुणी' म्हणतात. एक दिवस झाला की सरळ करायची. करायला विसरलं तर जमलेलं सगळं विरघळून परत जातं. नव्या पोरांकडून होते ही चूक. थोरलीने ती समजून उमजून केली. जेवणाच्या सुट्टीत भट्टीघर रिकामं असताना तिने चार नंबरची भट्टी उघडली, चिमट्याने धाकटीची नळी बाहेर ओढली, फिरवली आणि उलटी आत सरकवली. धग चेहऱ्याला लागली. कुणी पाहिलंच असतं तर धुणी देत होते म्हणून सांगता आलं असतं.

वर पायऱ्यांवर येऊन तिने डबा उघडला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

पंधरावा दिवस उजाडला. थोरलीची नळी जड होती. धाकटीची हलकी. आतला काळा चुरा बघून धाकटी म्हणाली, "मी धुणी सरळ करायला विसरले वाटतं." तिने उलट विचारलंसुद्धा नाही. तिच्या मनगटावर काहीच नव्हतं.

थोरलीच्या मनगटावर डाग होता. तिने तो बोटाने दाबून पाहिला. आपला तो आपलाच. आई त्या संध्याकाळी आली तेव्हा तिची पिशवी इतकी जड होती की जिन्यातच तिला बसावं लागलं. जेवताना तिने गोष्ट सांगितली आणि ती थोरलीची होती, नळासकट, हुंदक्यांसकट. थोरलीने तिला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

तिथे थांबायला हवं होतं. तिला ते कळत होतं. आपलं होतं तेवढं परत आलं होतं. आता तिसऱ्या खेपेची नळी सरळ ठेवायची, की हिशेब मिटला. पण स्फटिक सहाचा होता, आठाचा नव्हता. सरांना महिना उरला होता. आणि एकदा ओढ लागली की दुसऱ्याच्या ताटातलं किती घ्यायचं हे हाताला कळत नाही. तिसऱ्या खेपेला धाकटी सकाळी आपली नळी धुणीला लावून वर गेली. दुसऱ्या दिवशी ती सरळ करायला खाली आली, तेव्हा थोरली सहज म्हणाली, "केली मी. तू बस."

नळी उलटीच होती.

तिसऱ्या दिवशी थोरलीला एक गाणं गुणगुणता आलं. तिला गळा कधीच नव्हता. पाचव्या दिवशी फोनवर परदेशातल्या कुणाशी तरी बोलताना तिथल्या ट्रामचा नंबर तिच्या तोंडून आपोआप गेला. अकरा नंबर, नदीकाठाने जाणारी. ती त्या देशात कधी गेली नव्हती. सातव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तिला बोलावलं, फळ्यासमोर उभं केलं, आणि थंडीत स्फटिकातून वीज अशी का वाहते ते तिने त्यांना खडूने समजावून सांगितलं. सगळे माना डोलावत होते. तिला हवं होतं ते हेच. जिना उतरताना ती हसत होती, आणि तिच्या गालाला खळी पडत होती.

खळी धाकटीची होती.

दहाव्या दिवशी धाकटी तिच्या टेबलाशी आली. कपडे अंगावर सैल झालेले. हातात टॉर्च होती, न पेटवलेली.

"ताई, ही कशी पेटवतात गं?"

थोरलीने दाखवलं.

"मी काहीतरी विसरतेय," धाकटी म्हणाली. "काल घरी जाताना बसमध्ये बसले, आणि कुठे उतरायचं तेच सुचेना. तू मला काही सांगणार होतीस का?"

थोरलीने हातातली नळी खाली ठेवली. ही तिच्या मांडीवर वाढलेली पोर. हिचं पहिलं पाऊल तिने पाहिलं होतं, हिची वेणी घातली होती, शाळेच्या पहिल्या दिवशी हिच्या हाताला धरून नेलं होतं. चार नंबरची भट्टी दोन हातांवर होती. चिमटा टेबलावर होता. उठायचं, फिरवायचं, मिनिटाचं काम.

पण तीन नंबरच्या भट्टीत आठाचा स्फटिक धरत होता. पाच दिवस राहिले होते.

"नाही गं," ती म्हणाली. "दमलीयस तू. घरी जा."

फक्त पाच दिवस, असं तिने स्वतःला बजावलं. किल्ल्या हातात आल्या की सगळं फिरवू. तिचं तिला परत देऊ, वर थोडं आपलंही देऊ.

पंधराव्या दिवशी सकाळी तीन नंबरची भट्टी उघडली. स्फटिक नऊ मिलिमीटरचा होता. एकही रेघ नाही, एकही सांधा नाही. त्यात छताचा दिवा अख्खा दिसत होता. सरांनी तो भिंगाखाली धरला आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोरलीने टाळ्या संपायची वाट पाहिली आणि चार नंबरकडे गेली.

नळी स्वच्छ होती.

पूड नव्हती, चुरा नव्हता. नुसती काच. गार होता होता जांभळी वाफ तेवढी या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना दिसली.

"ही कुणी ठेवली?" सरांनी विचारलं.

"धाकटीने. माझ्या बहिणीने."

सर हळूच म्हणाले, "चार नंबर गेलं वर्षभर बंद आहे, मॅडम. तुम्ही आज घरी जा. खूप ओढलंत तुम्ही."

धाकटीच्या खुर्चीवर खोके रचलेले होते. खोक्यांवर धूळ होती.

थोरली बसने धाकटीच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हे घर बरेच दिवस रिकामंच आहे, भाड्याने हवंय का?

थोरली आपल्या घरी परतली तेव्हा आई आधीच येऊन बसली होती. पिशवी जमिनीवर होती, थोरलीला ती उचलताही आली नाही.

"आई, धाकटी कुठे आहे?"

"कोण धाकटी?" आई म्हणाली. "तू एकटीच तर आहेस मला."

हे वाक्य ऐकायला थोरली चाळीस वर्षं थांबली होती. ते ऐकल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. आपण रडतोय तो आवाजही धाकटीचा आहे हे तिच्या लक्षात आलं.

दिवस गेले. किल्ल्या तिच्याकडे होत्या, टेबल तिचं होतं, आई तिची होती. ती आईला हवं नको ते विचारायची आणि आई समाधानाने तीच ती गोष्ट सांगायची. रिकामी नळी थोरलीने टेबलाच्या खणात ठेवली होती; तिच्यावरच्या चिठ्ठीवर धाकटीचं अक्षर होतं आणि जगात त्याशिवाय धाकटीचं काही नव्हतं. फेकायला तिचा हात धजेना. कधी कधी ती खण उघडून नुसती बघायची.

मग एका सकाळी आई आवरून दाराशी उभी राहिली. हातात पिशवी होती.

"निघते गं. पंधरा दिवस झाले."

थोरलीने हातातला पेला खाली ठेवला. "कुठे निघालीस? दुसरं कुणी नाही ना आता?"

आईने कपाळाला आठ्या घालून विचार केला, आणि मग त्या गेल्या. "जायचं तर असतं ना," ती म्हणाली.

"बघू पिशवी."

थोरलीने पिशवी हातात घेतली आणि तिचा खांदा खाली गेला. तिने ती उघडली. दोन जोड कपडे होते, चष्म्याचं घर होतं. कपडे बाहेर काढले, चष्मा बाहेर काढला. रिकामी पिशवी तशीच जड राहिली. आईने शांतपणे सगळं पुन्हा आत भरलं, पिशवी काखेत मारली आणि जिना उतरून बसथांब्याकडे गेली. वळून पाहिलं नाही. तिला ओझं जाणवत नव्हतं.

थोरली भट्टीघरात पोचली ती धावतच. तिने खण उघडला, नळी काट्यावर ठेवली. कोणत्याच भट्टीत नसलेली, थंडगार, तोंड बंद केलेली नळी. आकडा स्थिर व्हायला वेळ लागला. रिकामी होती तेव्हापेक्षा ती चार मिलिग्रॅमने जड होती. उजेडात धरल्यावर एका टोकाला काळी, चपटी, मोहरीच्या टरफलाएवढी चकाकी दिसली. स्फटिक धरू लागला होता.

लोक आत येऊ लागले. "मॅडम, आजच्या नळ्या," कुणीतरी म्हणालं आणि भरलेली नळी तिच्या हातात दिली. ती टेबलाशी बसली. बाही मागे सारली. मनगट कोरं होतं. तिने टॉर्च पेटवली. तोंड बंद करताना काहीतरी करायचं असतं, बाबांनी सांगितलेलं, अगदी साधं. ते आत्ता आठवेल म्हणून ती थांबली.

ज्योत निळी होती, फार सुंदर होती. ती तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने हात पुढे केला.